डोक्यातला आवाज फोटोत दिसतो का?

दोस्तांनो, या आठवड्याची शंका मेढ्याहून आलीय. आठवीतली एक मैत्रीण लिहिते, "माझ्या धाकट्या काकांना कुणी बोलत नसताना आवाज ऐकू येतात. शेजारचे म्हणतात, बाहेरची बाधा आहे. साताऱ्याच्या डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला, पण मेंदूचा फोटो काढलाच नाही. मग त्यांना कळलं कसं?"

शंका अगदी रास्त आहे. आधी एक सांगतो, ही बाधाबिधा काही नाही. हा आजार आहे. जगात साधारण तीनशे माणसांमागे एकाला तो असतो. औषधं आणि घरच्यांची साथ मिळाली, तर पुष्कळांना चांगला आराम पडतो.

आता फोटोचं बघू. हाड मोडलं की एक्स-रेत दिसतं. एमआरआय यंत्र मोठ्या चुंबकाच्या मदतीनं मेंदूची चित्रं काढतं. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडं रक्त जास्त जातं, तेही ते टिपतं. पण स्किझोफ्रेनियातले फरक इतके बारीक आणि विखुरलेले असतात, की चित्र नुसतं बघून हा आजार ओळखता येत नाही.

इथं कॉम्प्युटर मदतीला येतो. तुमची आजी लोंबी बघून इंद्रायणी की आंबेमोहोर ते सांगते ना? नियम पाठ करून नव्हे, बघून बघून तिची नजर तयार झालीय. कॉम्प्युटरलाही तसंच शिकवतात. ही चित्रं रुग्णांची, ही निरोगी माणसांची. आता फरक तूच शोध! याला म्हणतात 'मशीन लर्निंग'.

बंगळूरची निम्हान्स संस्था आणि कॅनडातलं अल्बर्टा विद्यापीठ यांच्या संशोधकांनी हेच केलं. निम्हान्समधल्या ८१ रुग्णांची आणि ९३ निरोगी माणसांची चित्रं त्यांनी वापरली. रुग्णांनी अजून औषध घेतलेलं नव्हतं, म्हणजे औषधाच्या परिणामालाच आजाराची खूण समजण्याची भीती नाही. २०१९ साली निकाल छापून आला. कॉम्प्युटरचं उत्तर शंभरात ८७ वेळा बरोबर!

पण थांबा, जरा गणित करू. डोळे मिटून सगळ्यांनाच 'निरोगी' म्हटलं असतं, तरी १७४ पैकी ९३, म्हणजे शंभरात ५३ उत्तरं बरोबर आलीच असती. त्यापेक्षा ८७ खूपच चांगले. परीक्षेत ८७ मार्क पडले तर आई पेढे वाटेल. इथं मात्र चुकलेले १३ म्हणजे १३ माणसं. निरोग्याला आजारी ठरवलं, किंवा आजाऱ्याला तसंच घरी पाठवलं तर? म्हणून हे अजून संशोधनच आहे.

मग डॉक्टरांना कळलं कसं? विचारून आणि ऐकून. आवाज कधीपासून येतात, झोप लागते का, कामात लक्ष लागतं का, हे ते काकांना विचारतात, घरच्यांनाही विचारतात. आजही खरी तपासणी हीच. कधी कधी एमआरआय काढतात, तो दुसरा काही आजार नाही ना, हे पाहण्यासाठी.

म्हणून मैत्रिणी, तुम्ही घरच्यांनी जे पाहिलंत ते डॉक्टरांच्या फार उपयोगाचं आहे. काकांना हसू नकोस, वादही घालू नकोस. तो आवाज त्यांना खरोखरच ऐकू येतो. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत, हे घरात सांग. आणि यात तुझी काही चूक नाही, बरं का! कुणाशी बोलावंसं वाटलं, तर सरकारच्या 'टेलिमानस'चा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रीही चालतो.

बरंय तर, पुढच्या आठवड्यात नवी शंका!