लेकरं सांभाळायला शिकावं लागतं

तीन ते सहा वर्षांचे मूल कसे वाढते, कसे बोलू लागते, कशातून शिकते आणि कशाने बुजते हे समजून घेऊन त्याच्याबरोबर काम करण्याची तयारी म्हणजे बालशिक्षिकेचे प्रशिक्षण. सुईणीला, शिंप्याला, विजेचे काम करणाऱ्याला आधी शिकावे लागते हे सर्वांना मान्य असते. या एका कामाच्या बाबतीत मात्र शंका निघते. धामणगाव रेल्वेसारख्या वऱ्हाडी गावात ती सरळ शब्दांत ऐकू येते: ‘लेकरं सांभायाले शिका लागते काय?’ बारावी झालेल्या मुलीने या कामाचा अभ्यासक्रम करायचा म्हटले की घरातून पहिला प्रश्न हाच येतो. त्यामागे चार समजुती आहेत आणि प्रत्येकीत सत्याचा थोडा अंश आहे. म्हणून त्या उडवून न लावता तपासायला हव्यात.

पहिली समजूत आईची. आईला कोणी शिकवले नाही, तरी मूल वाढते. मग बाईला का शिकवायचे? पण आई स्वतःची एक-दोन लेकरे सांभाळते. ती त्यांना जन्मापासून ओळखते आणि त्यांच्या रडण्याचे अर्थ तिला ठाऊक असतात. बालवाडीच्या बाईपुढे एकाच वेळी वीस-पंचवीस मुले असतात. कोणी तीन वर्षांचे, कोणी साडेपाच वर्षांचे, कोणी उपाशी आलेले, कोणी आठवडाभर एक शब्दही न बोललेले. माया इथेही लागतेच, पण मायेने प्रत्येक मुलाचे नेमके कुठे अडले आहे ते कळत नाही.

साधे मोजण्याचे उदाहरण घ्यावे. एक ते पन्नास घडाघड म्हणणारे मूल पाहून पालक खूश होतात. त्याच मुलापुढे सात चिंचोके ठेवून ‘किती?’ असे विचारले, तर ते एका चिंचोक्यावर दोनदा बोट ठेवते आणि ‘आठ’ म्हणते. दुसरे मूल नीट सातपर्यंत मोजते. पण ‘म्हणजे एकूण किती?’ असे विचारताच पुन्हा पहिल्यापासून मोजू लागते. तिसऱ्याची नावांचीच ओळ चुकते, चारनंतर त्याच्या तोंडी सहा येते. तिघांचेही उत्तर चुकले आहे, पण चूक तीन प्रकारची आहे. अंकांची नावे क्रमाने येणे, एका वस्तूला एकच अंक देणे आणि शेवटचा अंक हाच सगळ्यांचा आकडा हे उमगणे, या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. न शिकलेल्या बाईला इथे फक्त ‘चूक’ दिसते, आणि ती तिघांनाही पाटीवर पुन्हा अंक गिरवायला लावते. शिकलेली बाई पहिल्याला चिंचोके एकेक उचलून वाटीत टाकायला लावते, दुसऱ्याला मोजून झाल्यावर मुठीत झाकून ‘आत किती?’ असे विचारते, तिसऱ्याबरोबर अंकांचे गाणे म्हणते. चिंचोका नाकात घालण्याच्या वयाचे मूल वर्गात असेल, तर तिथे ती चिंचोके काढतच नाही. हे सारे आईपणातून आपोआप येत नाही.

भाषेच्या बाबतीत न शिकल्याचे नुकसान आणखी मोठे आहे. वऱ्हाडी घरातले मूल डोळ्याला ‘डोया’ म्हणते, शाळेला ‘शाया’ म्हणते, ‘मला’ऐवजी ‘मले’ म्हणते. हे अशुद्ध मराठी नाही. ‘ळ’च्या जागी ‘य’ येणे हा त्या बोलीचा नियम आहे आणि मूल तो नियम बिनचूक पाळते. बाईने प्रत्येक वाक्याला ‘असं नाही म्हणायचं’ असे टोकले की मूल बोलणेच सोडते; आणि न बोलणारे मूल पुढे वाचायला उशिरा शिकते. ज्या बाईला हे शिकवले गेले आहे, ती मुलाचे बोलणे पूर्ण ऐकते, त्याच्याच बोलीत उत्तर देते आणि गोष्ट सांगताना प्रमाण शब्द हळूच शेजारी ठेवते. अमरावती जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, मेळघाटात, प्रश्न बोलीचा राहत नाही. तिथली कोरकू भाषा मुंडा कुळातली आहे, मराठीशी तिचे नाते नाही. धारणीच्या मुलासमोर पहिल्या दिवसापासून फक्त मराठी बोलणारी बाई त्याच्यासाठी परक्या मुलखातली असते.

दुसरी समजूत पदवीची: डी.एड. किंवा बी.एड. झालेल्या बाईला लहान मुले शिकवणे काय अवघड? ही समजूत खोडायला बालशिक्षणतज्ज्ञ अनुताई वाघांचे आयुष्य पुरे आहे. त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे रीतसर प्रशिक्षण घेतले होते, अनेक वर्षे शाळेत शिकवले होते. तरीही १९४५ साली बोर्डीला ताराबाई मोडकांबरोबर काम सुरू केल्यावर बालशिक्षण त्यांना नव्याने शिकावे लागले. मोठ्या मुलांना शिकवण्याची सवय लहानांच्या वर्गात उलट आड येते. विदर्भातल्या गावोगावच्या ‘कॉन्व्हेंट’मध्ये, म्हणजे इंग्रजी नावाच्या बालवर्गांत, हे रोज दिसते. केजी वनच्या मुलाच्या हाती पेन्सिल, चौकटीची वही आणि घरचा अभ्यास. चार वर्षांच्या मुलाची बोटे आणि मनगटे लिहिण्याइतकी बळकट झालेली नसतात. माती मळणे, तुरीच्या शेंगा सोलणे, वाटीतून वाटीत ज्वारी ओतणे, कागद फाडणे यांतून ते बळ येते. हे करून घेणारी बाई पालकांना ‘काहीच शिकवत नाही’ अशी वाटते. तेव्हा पालकांना समजावून सांगता येणे हाही प्रशिक्षणाचाच भाग ठरतो.

तिसरी समजूत अशी की सरकार प्रशिक्षण देतेच. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. महाराष्ट्रात ती धारावी आणि याच जिल्ह्यातले धारणी इथून सुरू झाली. अंगणवाडी सेविकेवर सहा सेवांचा भार आहे: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण-आरोग्य शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण. तिचे मूळ प्रशिक्षण दीर्घकाळ २६ कामाच्या दिवसांचे राहिले, आणि त्या दिवसांत या सहाही गोष्टी बसवायच्या होत्या. २०२३ च्या मे महिन्यात ‘पोषण भी पढाई भी’ हा कार्यक्रम आला. त्यात सेविकांसाठी तीन दिवसांचे प्रशिक्षण ठरले. दिशा बरोबर आहे, मात्र तीन दिवसांत ओळख होते, हात बसत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने बारावी झालेल्या सेविकेसाठी सहा महिन्यांचा आणि त्याहून कमी शिकलेलीसाठी वर्षाचा अभ्यासक्रम सांगितला. तो दूरचित्रवाणी व स्मार्टफोनवरून आणि महिन्यातून किमान एक दिवस प्रत्यक्ष वर्ग घेऊन. मुदत योग्य आहे, रीत अपुरी आहे. फोनवर व्याख्यान ऐकता येते, पण रडून लाल झालेल्या मुलाला गटात कसे आणायचे ते फोनवर शिकता येत नाही.

चौथा आक्षेप सर्वांत बळकट आहे आणि तो संशोधनातून येतो. अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी तमिळनाडूतल्या अंगणवाड्यांत अर्धवेळ काम करणारी एक जास्तीची कार्यकर्ती नेमून पाहिली. तिला थोड्याच दिवसांचे प्रशिक्षण होते. तरीही शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, मुलांचे भाषा-गणित सुधारले आणि कुपोषणही घटले. मग लांब प्रशिक्षण कशाला? हा पुरावा नाकारण्याचे कारण नाही. एकट्या बाईवर सहा कामे लादली की शिकवायला वेळ उरत नाही, हे त्यातून लख्ख दिसते. पण जिथे जवळपास काहीच शिकवले जात नव्हते तिथे काहीतरी शिकवल्याने झालेला हा फायदा आहे. अधिक शिकलेली बाई त्याच वेळेत किती करू शकली असती, याचे उत्तर त्यात नाही. अमेरिकेतल्या इप्सिलँटी गावी १९६२ पासून चाललेल्या पेरी बालशाळेच्या प्रयोगात शिक्षक प्रशिक्षित होते, वर्ग लहान होते आणि आठवड्याला घरभेट होती. तिथल्या मुलांवरचा परिणाम चाळिशीपर्यंत मोजता आला. वेळही हवा आणि तयारीही हवी. एकीच्या नावाने दुसरी कापणे चूक आहे.

मानधनाचा मुद्दा समजुतींत मोडत नाही, ती तक्रार आहे आणि ती खरी आहे. केंद्राच्या वाट्याचे मानधन २०१८ पासून दरमहा ४,५०० रुपये आहे. राज्य त्यात भर घालते, तरी नोकरीचा दर्जा नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये सेविका व मदतनीसांना उपदानाचा (ग्रॅच्युइटीचा) हक्क मान्य केला, तोही लढल्यावर. ‘हे काम कोणालाही येते’ असे मानले गेले म्हणूनच त्याचे मोल कमी धरले गेले. प्रशिक्षणाची अट वाढवायची आणि मानधन तेच ठेवायचे, हा अन्याय होईल. प्रमाणपत्राला वेतनश्रेणी जोडलीच पाहिजे.

आता चांगले प्रशिक्षण कसे असते ते पाहायचे. त्यासाठी दूर जावे लागत नाही. ताराबाई मोडक मुंबई विद्यापीठाच्या १९१४ च्या पदवीधर. लग्नानंतर काही वर्षे त्या अमरावतीत राहिल्या. पुढे राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्यपदाची नोकरी सोडून त्या १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या. शिक्षिका घडवणाऱ्या संस्थेची प्रमुख स्वतः पुन्हा शिकायला बसली. गिजुभाईंच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर १९२० चे आणि अध्यापनमंदिर १९२५ चे. आधी मुले आली, मग शिक्षक घडवण्याची शाळा आली, आणि दोन्ही एकाच आवारात. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. बोर्डीत आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई-अनुताईंनी हेच सूत्र आदिवासी पाड्यांवर नेले. मुले बालवाडीत येईनात, कारण घरी धाकटी भावंडे सांभाळायची होती. तेव्हा बालवाडीच पाड्याच्या अंगणात गेली. अंगणवाडी ती हीच. महागडी साधने परवडेनात, तेव्हा शंख-शिंपले, बिया, पाने, खडे आले. माँटेसरीचे तत्त्व राहिले, लाकडी सामान बदलले. वर्धा नदीपलीकडे सेवाग्रामलाही १९४५ च्या परिषदेनंतर गांधीजींच्या नयी तालीम शिक्षणपद्धतीची पूर्वबुनियादी पायरी आखली गेली, आणि तिचा पाया स्वच्छता, स्वयंपाक, बाग हाच होता.

या साऱ्यांत एक गोष्ट समान आहे. शिकणारी बाई सकाळी मुलांत असते. दुपारी ती आपण काय पाहिले ते लिहिते आणि अनुभवी बाईशी बोलते. दुसऱ्या सकाळी पुन्हा मुलांत जाते. महिनाभर एका मुलाची नोंद ठेवल्याशिवाय निरीक्षण येत नाही. बडबडगीत पाठ झाल्याने वर्ग जमत नाही, ते पंचवीस मुलांसमोर फसल्यावर जमते. असा अभ्यासक्रम किमान एक वर्षाचा हवा आणि त्यातला निम्म्याहून अधिक वेळ चालत्या बालवाडीत जायला हवा.

धामणगावला कापसाचा बाजार आहे, शाळा-महाविद्यालये आहेत, मुंबई-हावडा मार्गावरचे स्टेशन आहे. चांदूर, बडनेरा, पुलगावच्या मुली सकाळी येऊन संध्याकाळी घरी परतू शकतात. कापूस वेचणीच्या दिवसांत आया वावरात असतात, तेव्हा दिवसभर चालणाऱ्या बालवाडीची गरजही याच भागात सर्वाधिक असते. इथल्या शिक्षणसंस्थांनी आणि जिल्हा परिषदेने मिळून एक चांगली बालवाडी चालवावी आणि तिच्याच आवारात वर्षभराचा प्रशिक्षण वर्ग उघडावा. तसाच दुसरा धारणीला, कोरकू बोलणाऱ्या मुलींसाठी. आणि जे पालक आपल्या मुलीला या अभ्यासक्रमाला घालणार आहेत, त्यांनी फी भरण्याआधी संस्थेला एवढेच विचारावे: वर्षातले किती दिवस ती मुलांमध्ये असेल, आणि कोणाच्या बालवाडीत?