समुद्राकडे पाठ

तापीकाठच्या माणसाला समुद्राचे अप्रूप असणारच. आपल्या बऱ्हाणपुरातील मराठी घरांतही सुटीचे बेत आता 'क्रूझ'पर्यंत पोचले आहेत. हौसेला मोल नसते, जावे. मात्र त्याला समुद्रप्रवास म्हणू नये.

२०१८च्या ऑक्टोबरात कान्होजी आंग्रे यांचे नाव मिरवीत 'आंग्रिया' मुंबईहून गोव्याला निघाली, तेव्हा केवढे कौतुक झाले! ते जहाज मूळचे जपानी, १९९७ सालचे. टोकियोपासून सुमारे हजार किलोमीटरवरच्या ओगासावारा बेटांना माणसे आणि माल पोचविणे हे त्याचे काम. बेटकऱ्यांचा तो आधार होता. आपल्याकडे येताच त्याला तरणतलाव आणि मद्यालये फुटली! पुढे ती फेरीही थांबली.

याच किनाऱ्यावर पूर्वी रत्नागिरी-मालवणचा चाकरमानी वळकटी पसरून बोटीच्या डेकवर निजत असे. त्या दिवसांचे गोडवे मी गात नाही. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. पण त्यावरचा उपाय बोट सुरक्षित करणे हा होता. ती बंद पडू द्यायची आणि त्याच बंदरांना वळसा घालून तरंगते हॉटेल फिरवायचे, हा कुठला न्याय?

आजच्या 'कॉर्डेलिया'वर कॅसिनो आहे, नाट्यगृह आहे. समुद्र तेवढा काचेबाहेर. आणि मालवणला उतरायचे म्हटले, तर तिथे ती थांबतच नाही.