पोटातील जंतूंची मोजदाद

जेवण झाल्यावर तासाभरात पोट डब्ब व्हावे, करपट ढेकरा याव्यात, कधी जुलाब व्हावेत तर कधी कोठा जड राहावा, आणि वर्षानुवर्षांची ही रड ऐकून घरच्यांनीही कानाडोळा करावा, अशी जुनाट अपचनाच्या रोग्याची कहाणी असते. वैद्य तिला अग्निमांद्य म्हणतात, डॉक्टर 'गॅसेस' म्हणून बोळवण करतात, शेजारी ओवा सुचवतात. अलीकडे अशा काही रोग्यांना एक वेगळेच निदान ऐकावयास मिळते. लहान आतड्यात जंतूंची बेसुमार वाढ झाली आहे, असे त्यांना सांगण्यात येते.

ही कल्पना खोटी नाही. जंतूंचे खरे राज्य मोठ्या आतड्यात. लहान आतड्यात त्यांची वस्ती तुरळक असते. जठरातील आम्ल त्यांना मारते आणि उपाशीपोटी दर दीड-दोन तासांनी उठणारी आतड्याची लाट उरलेल्यांना झाडून पुढे लोटते. शस्त्रक्रियेने आतड्याचा एखादा भाग आडबाजूला पडला, मधुमेहाने ती लाट मंदावली किंवा क्षयाने आतडे जागोजागी आकसले, की हा बंदोबस्त मोडतो. मग जंतू अन्नातील साखर आंबवून वायू करतात, पित्तातील क्षार नासवून स्निग्ध पदार्थांचे पचन बिघडवतात आणि ब-१२ जीवनसत्त्वही फस्त करतात.

प्रश्न आहे तो मोजण्याचा. आतड्यातील रस नळीने काढून जंतू मोजणे ही खात्रीची म्हणून मानलेली पद्धत. परंतु ती खर्चाची आणि रोग्याला नकोशी. म्हणून साखरेचे द्रावण पाजून श्वासातील हायड्रोजन मोजतात. ग्लुकोज वरच्या आतड्यातच शोषले जाते, त्यामुळे खालचे जंतू निसटतात. लॅक्टुलोज शोषलेच जात नाही; ते मोठ्या आतड्यात लवकर पोहोचले तर तेथील निरुपद्रवी जंतूंचा वायूच रोग म्हणून नोंदला जातो. कॅनडातील संशोधकांनी २०११ मध्ये हे द्रावण आतड्यात कोठवर पोहोचले याचा किरणोत्सर्गी खुणेने माग काढला, तेव्हा नेमका हाच घोटाळा उघडकीस आला.

त्यात भर म्हणून रोगाची रेषाच हलली आहे. एका मिलिलिटर रसात एक लाख जंतू ही पूर्वीची मर्यादा होती. २०१७ साली उत्तर अमेरिकेतील तज्ज्ञांनी ती एक हजारावर आणली. कोणाचेही पोट अधिक न बिघडता रोग्यांची संख्या वाढावी, असाच हा प्रकार!

येथे वेल्लोरची आठवण अपरिहार्य आहे. १९६० नंतरच्या काही वर्षांत दक्षिणेतील खेड्यांत संग्रहणीची साथ पसरली, तेव्हा तेथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. सेल्विन बेकर आणि डॉ. व्ही. आय. माथन यांनी तिचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. रोग्यांबरोबर निरोगी माणसांचेही आतडे तपासण्याचा शहाणपणा त्यांच्या पथकाने दाखवला. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत तेथील निरोगी लोकांच्या लहान आतड्यातही समशीतोष्ण देशांतल्यापेक्षा अधिक जंतू आढळले. म्हणजे परदेशी मर्यादा जशीच्या तशी उचलली, तर खेड्यातला धडधाकट शेतकरीही रोगी ठरण्याचा संभव आहे. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर संस्थेत या विषयावर मोलाचे काम झाले आहे. पण देशाच्या निरनिराळ्या भागांतील निरोगी माणसाचे प्रमाण काय, हे ठरवण्याचे कंटाळवाणे काम सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांनाच अंगावर घ्यावे लागेल. औषध कंपन्यांना त्यात रस असण्याचे कारण नाही.

तोवर रोग्याच्या पदरी अंदाजच पडतो. रिफॅक्सिमिनसारख्या प्रतिजैविकाने अनेकांना उतार पडतो, हे खरे. मात्र अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ साली ते जुलाबप्रधान आतड्याच्या विकारासाठी मंजूर केले, जंतुवाढीसाठी नव्हे. शिवाय मूळ कारण कायम राहिले, तर काही महिन्यांत दुखणे उलटते. चिठ्ठी लिहिण्यापूर्वी रोग्याला मधुमेह आहे काय, त्याच्या पोटावर शस्त्रक्रिया झाली होती काय, क्षय तर नाही ना, वजन उतरते आहे काय, एवढी विचारपूस करावयास कोणतेही यंत्र लागत नाही. आणखी एक प्रश्न बहुधा राहूनच जातो. रोज सकाळी चहाआधी घेतली जाणारी आम्ल दाबणारी गोळी किती वर्षे चालू आहे? त्या गोळ्यांचा आणि या जंतुवाढीचा संबंध अनेक पाहण्यांत दिसून आला आहे. तरीही अपचन वाढले की पहिल्यांदा वाढवला जातो, तो त्याच गोळीचा डोस.