रिकाम्या डब्याचा हट्ट

संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास कुठल्याही पाळणाघराच्या दारात पाच मिनिटे उभे राहावे. डोंबिवली असो, पुणे असो की नाशिक, दिसते ते सारखेच. आई किंवा बाबा धापा टाकत येतात, मूल पायाला बिलगते. त्याला कडेवर घेता घेता एक हात पिशवीतला डबा हलवून बघतो. डबा हलका लागला की चेहरा सैलावतो. जड लागला की मावशींना विचारणा होते, "आज काहीच खाल्लं नाही का हो?" मूल काय खेळले, कोणाला चावले, दुपारी झोपले की नाही, हे सगळे त्यानंतर.

मावशींना हे पाठ झालेले असते. दहा-बारा मुले, सांभाळायला दोन बायका आणि जेवणाला जेमतेम अर्धा तास. मग पोळी-भाजी कुस्करून त्यावर वरण ओतायचे, टीव्ही लावायचा आणि पडद्याकडे बघताना मुलाचा आ वासला की घास सरकवायचा. ज्याचे तोंड उघडतच नाही त्याच्या डब्यातले दोन घास शेजारच्या खवय्याला. यात मावशींचा वाईट हेतू नसतो. रिकामा डबा परत गेला की दारात तक्रार होत नाही, हे त्या अनुभवाने शिकलेल्या असतात. मुलाच्या पोटात किती गेले, हे मात्र ना मावशींना ठाऊक, ना आईला.

डबा संपलाच पाहिजे, हा हट्टच मुळात चुकीचा आहे. घरून काय द्यायचे ते मोठ्यांनी ठरवावे. त्यातले किती खायचे ते मुलाने.

हे ऐकून अनेक आज्या कानावर हात ठेवतील. पण ही कल्पना शंभर वर्षे जुनी आहे. १९२६ साली अमेरिकेत क्लारा डेव्हिस या बालरोगतज्ज्ञ बाईंनी अंगावरचे दूध सुटत आलेल्या बाळांवर एक प्रयोग सुरू केला. पुढे त्यात एकूण पंधरा मुले आली. त्यांच्यासमोर साधे, बिनसाखरेचे पदार्थ वेगवेगळ्या भांड्यांत मांडले जात: दूध, अंडी, मांस, कलेजी, बटाटा, गाजर, बीट, केळे, सफरचंद, गहू, ओट वगैरे. परिचारिकेने चमचा घेऊन गप्प बसायचे. मूल ज्या भांड्याकडे हात नेईल त्यातलेच भरवायचे, आग्रह नाही की शाबासकी नाही. मुलांनी तऱ्हेवाईक जेवणे केली. कोणी सकाळी संत्र्याचा रस आणि कलेजी एवढ्यावर भागवले, कोणी रात्री अंडी, केळी आणि दुधावर. तरीही मुले चांगली वाढली. मुडदूस घेऊन आलेल्या एका बाळासमोर कॉड माशाच्या यकृताचे तेलही ठेवले होते. आजार बरा होईपर्यंत ते त्याने आपणहून घेतले आणि नंतर सोडून दिले.

या प्रयोगाचा सोयीचा तेवढाच भाग पुष्कळदा सांगितला जातो. डेव्हिसबाईंनी १९३९ साली स्वतःच खुलासा केला होता की यातली खरी मेख पदार्थांच्या यादीत होती. समोर गोड, तळलेले, पाकीटबंद असे काही नव्हतेच. त्यामुळे मुलाने काहीही उचलले तरी ते चालण्यासारखे होते. म्हणजे मोठ्यांची जबाबदारी कमी होत नाही, ती फक्त भरवण्याच्या वेळेवरून भरण्याच्या वेळेवर येते. लीअन बर्च या अमेरिकी संशोधक बाईंनी नंतर लहान मुलांच्या आवडीनिवडींचा अभ्यास केला, त्यातून दिसले की अनोळखी चव आवडायला ती दहाएक वेळा समोर यावी लागते. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी भोपळा डब्यातून हद्दपार होतो आणि चौथ्या दिवशी नूडल्स येतात.

मुळात डबा भरताना डोळ्यांसमोर मोठ्या माणसाचे जेवण असते. दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात हजार कॅलरींच्या आसपास लागतात, त्याही पाच-सहा खाण्यांत विभागलेल्या. एका वेळेला लहान वाटीभर अन्न पुष्कळ झाले. त्याला दोन पोळ्या, भाजी आणि भाताची मूद दिली, तर तो डबा उरण्यासाठीच भरलेला असतो.

त्यात दातांचा मुद्दा. पुढचे दात वर्षाच्या आत दिसू लागतात, म्हणून मूल 'खाऊ शकते' असे वाटते. पण चावण्याच्या कामाची मागची दुसरी दाढ साधारण दोन ते पावणेतीन वर्षांच्या दरम्यान येते. सकाळी सातला तव्यावरून उतरलेली पोळी गरम असतानाच डब्यात घालून झाकण लावले की ती आधी वाफेने ओली होते आणि दुपारपर्यंत चिवट. मूल ती चघळते आणि थुंकते. आपण म्हणतो, नखरे करते.

मराठी स्वयंपाकघराला हे कोडे फार पूर्वी सुटले होते. प्रवासाला निघताना पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवून दशमी करत, ती दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. पोळी कुस्करून तूप-गूळ घालून वळलेला लाडू हातात धरता येतो आणि दात नसले तरी विरघळतो. मुगाच्या डाळीचे धिरडे, तांदळाचे घावन, किसलेला दुधी घातलेले मऊ थालीपीठ, मेतकूट-तूप कालवलेला भात, नाचणीचे सत्त्व, उकडलेल्या रताळ्याच्या फोडी ही सगळी बिनदाताच्या माणसांची जेवणे आहेत. आजोबांना चालते ते नातवालाही चालते. नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, हे तर आता पाकिटांवर छापून विकले जाते. पोहे मात्र डब्यात घालू नयेत. सकाळी लुसलुशीत असलेले पोहे बारापर्यंत कोरडे पडतात आणि घशात चिकटतात.

आता जरा घड्याळाकडे पाहू. सकाळी सातला शिजवलेले अन्न दुपारी साडेबाराला उघडले जाते, म्हणजे मध्ये साडेपाच तास. शिजलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये जितके रेंगाळेल तितके त्यात जंतू वाढतात. भातात तर शिजवूनही न मरणारे काही जंतूंचे बीजाणू असतात. कोमट तापमानात ते पुन्हा जोर धरतात. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे खोलीतली हवाच चाळीस अंशांच्या पुढे जाते, तेव्हा ओल्या खोबऱ्याची चटणी, दहीभात किंवा पनीर डब्यात देणे म्हणजे धाडसच. अन्न गरम राहणारे डबे हल्ली सर्रास मिळतात, पण त्यांच्याबद्दलही गैरसमज आहे. त्यात उकळते पाणी दहा मिनिटे ठेवून, ते ओतून, वाफाळती खिचडी भरली तर उपयोग. कोमट खिचडी भरली तर तोच डबा जंतूंना ऊब देतो. पाळणाघरात फ्रिज आणि गरम करायची सोय असेल तर साधा स्टीलचा डबा पुरतो, मग एवढा खटाटोप नको.

घशात अडकण्याची भीती वेगळी आणि जास्त गंभीर. चार वर्षांखालच्या मुलाला अख्खा शेंगदाणा, फुटाणे, पॉपकॉर्न, कडक चॉकलेट, कच्च्या गाजराचे तुकडे देऊ नयेत. द्राक्ष उभे चिरून चार फोडी कराव्यात. शेंगदाण्यावर बंदी घालायची गरज नाही, घरोघरी त्याचे कूट असतेच. प्रसादाच्या पुडीतले फुटाणे मात्र आदल्या दिवशीच पिशवीतून काढावेत.

आणि बिस्किटे. चारच्या खाऊच्या डब्यात त्यांचे राज्य आहे, कारण ती सांडत नाहीत, नासत नाहीत आणि कोणतेही मूल त्यांना नाही म्हणत नाही. मैदा, साखर आणि पामतेल यांच्या या चकत्यांना अजूनही 'हलका आहार' समजले जाते. त्यांच्या जोडीला चॉकलेटी पावडर घातलेले दूध. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना बोर्नव्हिटासह अशी पेये 'हेल्थ ड्रिंक' या गटातून काढायला सांगितले. पालकांच्या मनातून ती अजून निघालेली नाहीत. दिवसभर बाटलीने दूध पाजले की पोट भरते आणि लोह मात्र मिळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या फेरीत हे प्रमाण ५३.८ टक्के होते. हा आकडा फक्त गरिबाघरचा आहे असे समजून बिस्किटाचा पुडा फोडणाऱ्यांनी तो पुन्हा वाचावा.

या सगळ्याचा भार येतो कोणावर, हे सांगायला नको. डबा राहिला तर मावशी आईला फोन करतात, बाबांना नाही. त्यात रोज सकाळी मोबाइलवर कुणीतरी भाताचा पांडा आणि गाजराची फुलपाखरे करून दाखवत असते. ही सजावट जपानची. गंमत अशी की तिथल्या नोकरदार आईबापांची मुले ज्या पाळणाघरांत जातात, तिथे तीन वर्षांखालच्या मुलांचे जेवण सर्वसाधारणपणे तिथल्याच स्वयंपाकघरात शिजते. आपण त्यांचा पांडा उचलला आणि स्वयंपाकघर तिथेच ठेवून आलो.

जपानपर्यंत जायचे तरी कशाला? बोर्डी-कोसबाडच्या परिसरात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शाळा मुलांच्या अंगणात नेली, त्या महाराष्ट्रात अंगणवाडी हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. या अंगणवाड्या चालवणारी एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तीन ते सहा वर्षांच्या मुलाला सकाळचा खाऊ आणि गरम शिजवलेले जेवण मिळून ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने देणे बंधनकारक केले. बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत 'मोबाइल क्रेशेस' सुरू केले, पुढे मुंबई आणि पुण्यातही तसे काम उभे राहिले. तिथेही मुलांना ताजे जेवण मिळते. अंगणवाडीच्या खिचडीत कधी डाळ शोधावी लागते, हे खरे. पण ती गरम असते, सगळी मुले एका पंगतीत बसतात आणि शेजारचा खातो म्हणून आपणही खावे, ही लहान मुलांची सगळ्यात जुनी भूक तिथे कामाला येते. म्हणजे इमारत बांधणाऱ्या बाईच्या मुलाला दुपारी गरम भात, आणि त्याच इमारतीत फ्लॅट घेतलेल्या बाईचे मूल पाळणाघरात साडेपाच तासांपूर्वीची पोळी चघळते, तेही महिन्याला हजारो रुपये मोजून.

खासगी पाळणाघरांनी स्वयंपाक सुरू करावा, असे म्हटले की दोन उत्तरे येतात. पहिले खर्चाचे. वरण-भात, भाजी आणि फळ यांचा खर्च वाढीव शुल्कात बसतो, आणि रोज सकाळच्या धावपळीतून सुटणारे पालक तो आनंदाने देतील. दुसरे उत्तर नाजूक आहे: "प्रत्येकाच्या घरचे वेगळे." कोणाकडे कांदा-लसूण नाही, कोणाकडे अंडे नाही. पण आजच्या डबा पद्धतीतही हा प्रश्न सुटलेला नाही, तो दाबला गेला आहे. कित्येक पाळणाघरांत अंडी, मासे आणायला सरसकट मनाई असते. उकडलेले अंडे हा दात न आलेल्या मुलासाठी मऊ, स्वस्त आणि प्रथिनांनी भरलेला पदार्थ, तोच दारावर अडवला जातो. कोळीवाड्यातले मूल घरी बोंबील-भात चवीने खाते आणि पाळणाघरात त्याला बटाट्याची भाजी न्यावी लागते. वर घरी चिठ्ठी जाते की मूल नीट जेवत नाही.

२०१७ च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्याने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करायला सांगितले आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा दिली. ज्यांच्या कार्यालयात ही सोय कागदावरून खाली उतरली आहे, त्यांनी त्यातली एक फेरी मुलाच्या जेवणाच्या वेळेला करावी. भरवायला नव्हे, नुसते बसायला.

बाकीच्यांसाठी एक विनंती. पाळणाघर निवडताना सीसीटीव्ही आणि एसीची चौकशी होते, तशी गॅसचीही करावी: शेगडी पेटते का, कोणासाठी पेटते? जेवताना टीव्ही चालू असतो का? मुलाने अर्धे खाऊन मान फिरवली तर पुढे काय करतात? आणि नाव घालण्याआधी एकदा तरी दुपारी साडेबाराला, न सांगता, तिथे जाऊन यावे.