स्थळाचा दर्जा कोणी द्यावा?

एखाद्या वास्तूस राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक ठरवावयाचे असेल तर १९५८ च्या प्राचीन स्मारके कायद्याचे कलम ४ पाळावे लागते. दोन महिन्यांची जाहीर सूचना द्यायची, तिची प्रत वास्तूजवळ ठळक जागी लावायची, हितसंबंधितांच्या हरकती विचारात घ्यायच्या आणि मगच घोषणा करायची. पद्धत संथ आहे, पण जिच्या अंगणात सरकार शिरणार ती व्यक्ती तीत अदृश्य राहत नाही.

फरीदाबादेत दहाव्या शतकातले सूरजकुंड आहे, जुन्या दिल्ली-आग्रा मार्गावरचे मोगलकालीन कोसमिनार आहेत. शहराच्या दुसऱ्या एका नकाशात मात्र सेक्टरमधल्या बागेचे फाटक आणि कोपऱ्यावरचे देऊळही त्यांच्या बरोबरीने बसू शकते. हा नकाशा 'इन्ग्रेस' आणि 'पोकेमॉन गो' या मोबाइल खेळांचा. खेळाडू छायाचित्र व चार ओळींचे वर्णन पाठवून स्थळ सुचवतो आणि पात्रतेचा निवाडा बहुधा इतर खेळाडूच करतात. निकष वाचले तर समंजस आहेत : वस्तू कायमस्वरूपी हवी, पायी पोहोचता यावे, खासगी घर किंवा शाळा नसावी. (गणेशोत्सवाचा मांडव कितीही भव्य असला तरी अपात्र!) भांडण होते ते निकष लावताना. घरबसल्या खेळता यावे म्हणून कोणी सोसायटीच्या पाटीला 'ऐतिहासिक' ठरवतो. उलट गावाच्या वेशीवरची खरीखुरी वीरगळ दूरच्या परीक्षकाला नुसता दगड वाटू शकते.

तथापि मला खटकते ते वेगळेच. प्रस्ताव फेटाळला गेल्यास खेळाडूस अपिलाची सोय आहे. ज्याच्या दारात गर्दी जमणार त्यास आधी कोणी विचारत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेवर नोटिसा काढल्या. खेळातली अंडी देवळांच्या व जैन मंदिरांच्या ठिकाणी मिळतात, ही तक्रार. पडद्यावरच्या अंड्याने विटाळ होतो काय, यावर हसणारे पुष्कळ होते. पण तेव्हा हा खेळ भारतात अधिकृतपणे आलेलाही नव्हता. तो डिसेंबर २०१६ मध्ये आला. स्थळे 'इन्ग्रेस'च्या खेळाडूंनी आधीच नोंदवून ठेवलेली होती. देवळाच्या विश्वस्तांनी हरकत कोणाकडे नोंदवायची होती? हिरोशिमाच्या शांतता उद्यानाने त्याच वर्षी मागणी केली आणि ६ ऑगस्टच्या स्मृतिदिनापूर्वी तेथील स्थळे हटली. प्रत्येक देवस्थानामागे हिरोशिमाचे वजन नसते.

अर्थशास्त्रात यास बाह्य परिणाम म्हणतात : लाभ एकाचा, उपद्रव दुसऱ्याचा आणि किंमत कोणीच मोजत नाही. स्थळाला किंमत असते हे कंपनीस ठाऊक नव्हते असेही नाही. भारतातील आगमनासोबतच जिओची दुकाने खेळातली ठिकाणे झाली. त्यांना कोणा खेळाडूच्या कौलाची गरज पडली नाही.

यावर परवान्याचा उपाय सुचवला जातो. मी त्याच्या विरुद्ध आहे. अमेरिकेत मिलवॉकी परगण्याने बागांतील अशा खेळांसाठी परवाना सक्तीचा केला आणि २०१७ मध्ये संघराज्य न्यायालयाने त्यास मनाई केली. आपल्याकडे तर परवाना म्हणजे आणखी एक खिडकी आणि खिडकीमागे आणखी एक बाबू. हे मी त्या बाजूला बसून लिहितो आहे. अधिक उपयोगी ठरली ती तिथल्या घरमालकांच्या दाव्यातील २०१९ ची तडजोड : मालकांच्या तक्रारी साधारणतः १५ दिवसांत निकाली काढायच्या आणि सार्वजनिक बागेच्या व्यवस्थापनाने मागणी केल्यास बंद होण्याच्या वेळा खेळातही पाळायच्या.

तेवढेच बंधन इथेही का नसावे? नायंटिक कंपनीने २०२५ मध्ये आपला खेळांचा विभाग स्कोपलीस विकला. मालक बदलले तरी नकाशा तोच राहतो. त्या नकाशातून स्मशानभूमी किंवा रुग्णालयाचे प्रवेशद्वार वगळायचे असेल, तर महापालिकेतील एका नेमलेल्या अधिकाऱ्याचे पत्र पुरेसे ठरावे आणि त्याचे उत्तर ठरलेल्या मुदतीत, कारणांसह यावे. महापालिकांनीही आपल्या बागांच्या वेळांची यादी आधी तयार ठेवावी. मागणी करायची तर ती हाताशी हवी.