समुद्र आपला, खतावणी परक्यांची

लोणावळ्याचे नाव निघाले की चिक्की, धुके आणि पावसाळी गर्दी आठवते. मराठी राज्याच्या सागरी सत्तेचा एक मोठा पेच १७१४ मध्ये याच परिसरात सुटला, याचे स्मरण मात्र फारसे कोणाला उरलेले नाही. कान्होजी आंग्रे तेव्हा घाट चढून मावळात आले होते. लोहगड त्यांच्या ताब्यात होता आणि पेशवे बहिरोपंत पिंगळे त्यांच्या कैदेत होते. नव्याने पेशवेपदावर आलेल्या बाळाजी विश्वनाथांनी तलवारीऐवजी वाटाघाटींचा मार्ग धरला. लोणावळ्याच्या परिसरात तह झाला. कान्होजी छत्रपती शाहूंच्या पक्षात आले आणि त्यांचे सरखेलपद मान्य झाले. स्वराज्याचा समुद्र स्वराज्याच्या छत्राखाली आला तो असा, सह्याद्रीच्या माथ्यावर.

त्या सरखेलपदाच्या हाती गुराबा, गलबते आणि तोफा होत्याच. परंतु इंग्रज आणि पोर्तुगीज यांना अधिक झोंबत होता तो एक साधा कागद. त्याचे नाव दस्तक. आंग्र्यांच्या समुद्रातून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने सरखेलाचे दस्तक घ्यावे, हा कान्होजींचा आग्रह होता. तत्पूर्वी दोन शतके पोर्तुगीज हाच खेळ आपल्याशी खेळत आले होते. हिंदी जहाजांना हिंदी समुद्रात फिरण्यासाठी त्यांचे 'कार्ताझ' विकत घ्यावे लागे. कान्होजींनी तो न्याय उलटवला, तेव्हा परकीयांनी त्यांना 'चाचा' ठरवले आणि १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर चालून गेले. त्यांच्या हाती अपयशच आले. कोण कोठून आला, काय घेऊन चालला आणि कोणाच्या परवानगीने चालला, याची नोंद ज्याच्या दप्तरी असते, समुद्र त्याचा असतो, हे कान्होजींना पक्के ठाऊक होते.

तीनशे वर्षांनंतरच्या भारताला ते ठाऊक आहे काय? प्रश्न कडवट आहे, पण टुना माशाच्या निमित्ताने तो विचारणे भाग आहे.

सेशेल्सच्या वहीत भारत

कोकणच्या किनाऱ्यावर कुपा, गेदर अशा नावांनी ओळखला जाणारा टुना हा भटका मासा आहे. आज लक्षद्वीपच्या पाण्यात, काही महिन्यांनी मालदीवच्या, पुढे आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे, असा त्याचा संचार. कोणत्याही एका राष्ट्राला त्याचा एकट्याने हिशेब ठेवता येत नाही. म्हणूनच आंतरराष्ट्रीय सागरी कायद्याने अशा माशांबाबत राष्ट्रांना परस्पर सहकार्याचे बंधन घातले. त्यातून १९९३ मध्ये हिंदी महासागर टुना आयोगाचा करार झाला आणि १९९६ मध्ये तो अमलात आला. आयोगाचे कार्यालय सेशेल्समधील व्हिक्टोरिया येथे आहे. भारत १९९५ पासून या कराराचा सदस्य आहे. टुना आणि त्याच्या गोत्रातील १६ जातींचा कारभार हा आयोग पाहतो.

या आयोगाला सदस्य राष्ट्रांकडून तीन गोष्टी हव्या असतात. कोणत्या जातीचा मासा किती टन धरला. कोठे, कोणत्या जाळ्याने वा गळाने आणि किती श्रमाने धरला. आणि धरलेल्या माशांची लांबी किती होती. दर टनामागे किमान एक मासा मोजावा, असा दंडक आहे. या आकड्यांवरून शास्त्रज्ञ समुद्रातील साठ्याचा अंदाज बांधतात आणि त्या अंदाजावरून राष्ट्रांवर मर्यादा येतात. एखाद्या राष्ट्राने आकडा दिलाच नाही, तर आयोगाचे सचिवालय स्वतः अंदाज करून तो रकाना भरते. म्हणजे घर आपले, जमाखर्च आपला, आणि वही लिहिणार शेजारी! इतकेच नव्हे, ज्या जातीची आकडेवारी दिलेली नाही ती जात पुढे धरून ठेवण्यास मनाई करता येईल, अशीही तरतूद आयोगाने करून ठेवली आहे.

दोन सूर, एकच तोटा

या विषयावर आपल्याकडे दोन सूर ऐकू येतात. पहिला सूर स्वाभिमानाचा आव आणतो. आंतरराष्ट्रीय नियम हा पाश्चात्त्यांचा कावा आहे, आपला आकडा त्यांना का द्यावा, असे तो विचारतो. दुसरा सूर सरकारी कचेरीतला. हजारो लहान नौका, शेकडो उतरण्याची ठिकाणे, एवढी मोजदाद व्हायची कशी, असे म्हणून तो खांदे उडवतो. वरवर परस्परविरोधी वाटणारे हे दोन्ही सूर शेवटी एकाच ठिकाणी येऊन पोहोचतात. दोघांच्याही वहीत पान कोरे राहते.

पहिल्या सुरातील तक्रार खोटी नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. हिंदी महासागरातील यलोफिन टुनाचा मोठा वाटा स्पेन आणि फ्रान्सच्या अवाढव्य पर्ससीन जहाजांनी उचलला. हा महासागर त्यांच्या किनाऱ्यापासून हजारो मैल दूर. मासे गोळा करण्यासाठी समुद्रात सोडल्या जाणाऱ्या तरंगत्या सापळ्यांवर काही काळ बंदी घालण्याचा ठराव फेब्रुवारी २०२३ मध्ये मोंबासा येथे संमत झाला, तेव्हा जगाला पर्यावरणाचे धडे देणाऱ्या युरोपीय संघाने त्यावर आक्षेप नोंदवून स्वतःची सुटका करून घेतली. हेच युरोप २०१० पासून आयात मासळीसाठी पकड प्रमाणपत्राचा आग्रह धरते. या दुटप्पीपणाचा निषेध व्हायलाच हवा.

परंतु निषेध करणाऱ्याच्या हातात काय आहे? युरोपने आक्षेप घेतला तो आपल्या ताफ्याची बारीकसारीक आकडेवारी पुढ्यात ठेवून. भारतानेही यलोफिनविषयीच्या २०१९च्या ठरावावर आक्षेप नोंदवला. करारातील नवव्या कलमाने तो हक्क प्रत्येक सदस्याला दिला आहे आणि लहान मच्छीमारांच्या पोटाचा प्रश्न असताना तो बजावण्यात गैर काही नाही. पण आपल्या लहान मच्छीमाराने किती मासा धरला हे ज्याला छातीठोकपणे सांगता येत नाही, त्याच्या आक्षेपाला वजन ते किती येणार? आक्षेप हे शस्त्र आहे. आकड्यावाचून ते म्यानातच गंजते.

कोरे पान महागात पडते

यात खरोखर पणाला काय लागले आहे, ते नीट समजून घेतले पाहिजे. यलोफिनचा साठा खालावल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले आणि २०१६ मध्ये कपात ठरली. पर्ससीनला १५ टक्के, लाँगलाइन व गिलनेटला १० टक्के. ही कपात मोजायची ती मुख्यतः २०१४च्या नोंदलेल्या पकडीवरून. ज्याची नोंद फुगलेली, त्याला कपातीनंतरही भरपूर. ज्याची नोंद अपुरी, त्याच्या अपुऱ्या आकड्यालाच कात्री!

याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. साठ्यातील वाटा राष्ट्रांनी कोणत्या निकषांवर वाटून घ्यावा, याची चर्चा आयोगात २०११ पासून चालू आहे. दूरदेशीच्या ताफ्यांचे म्हणणे असे की, ज्याच्या ध्वजाखाली मासा धरला गेला, त्याच्या खात्यावर तो इतिहास जमा व्हावा. किनारी राष्ट्रांचे म्हणणे असे की, ज्याच्या समुद्रात मासा धरला गेला, इतिहास त्याचा. न्याय किनारी राष्ट्रांच्या बाजूला आहे यात शंका नाही. पण दोन्ही निकषांना पुरावा एकच लागतो, आणि तो म्हणजे लिहून ठेवलेली पकड. वाटणीच्या दिवशी सात-बारा दाखवावा लागतो. 'आमचे आजोबा हे शेत कसत होते' एवढ्याने तलाठीही समाधान मानत नाही. मग आंतरराष्ट्रीय आयोग मानेल काय?

आणि आपला सात-बारा कसा आहे? २००२च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार परवानापत्रांची योजना आली. परदेशी बनावटीच्या लाँगलाइन नौका भारतीय ध्वज लावून आपल्या अनन्य आर्थिक क्षेत्रात उतरल्या. त्यांची मासळी भारतीय बंदराला न लागता भरसमुद्रातच परक्या जहाजांवर चढते, अशी ओरड मच्छीमार संघटना वर्षानुवर्षे करीत राहिल्या. आयोगाच्या कागदपत्रांत भारताच्या लाँगलाइन ताफ्याची आकडेवारी अपुरी असल्याचे शेरे येत राहिले. २०१७ मध्ये ती योजना गुंडाळण्यात आली. पण त्या वर्षांत जे आपल्या समुद्रातून गेले आणि वहीत उतरले नाही, ते दोनदा गेले. एकदा मासा म्हणून आणि दुसऱ्यांदा हक्क म्हणून.

नियम परक्यांसाठी, मोकळीक कोणासाठी?

परदेशी नौकांच्या नियमनाचा कायदा भारताने १९८१ मध्ये केला. १९९१च्या खोल समुद्रातील मासेमारीच्या धोरणाने परदेशी भागीदारीला दार उघडले, तेव्हा देशभरचे मच्छीमार १९९४-९५ मध्ये रस्त्यावर उतरले. मुरारी समिती नेमावी लागली आणि १९९६ मध्ये तिने त्यांच्या तक्रारींची बाजू उचलून धरली. परंतु बारा सागरी मैलांपलीकडे भारतीय नौकांनीच कोणत्या शिस्तीने मासे धरावेत, याचा कायदा दिल्लीला दीर्घकाळ सुचला नाही. किनाऱ्याजवळ राज्यांचा कायदा, महाराष्ट्राचाही १९८१चा. त्यापुढे २०० मैलांपर्यंत, म्हणजे २० लाख चौरस किलोमीटरांहून अधिक विस्तारात, आपल्याच नौकांसाठी पोकळी. मसुदे आले आणि गेले.

या पोकळीचा फायदा कोणी घेतला, ते कोकणच्या किनाऱ्यावरील पारंपरिक मच्छीमाराला विचारावे. महाराष्ट्र शासनाने सोमवंशी समितीच्या अहवालाआधारे फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले. केंद्राने २०१७ मध्ये एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली. तरीही रात्रीच्या समुद्रात दिवे दिसल्याच्या तक्रारी थांबल्या नाहीत. चोरून धरलेला मासा कोणत्याही वहीत चढत नसतो. म्हणजे नियम मोडणारा एका रात्रीत दोघांना लुटतो. शेजारच्या तांडेलाच्या जाळ्यातला मासा नेतो आणि देशाच्या खात्यातला आकडाही.

हा केवळ मासळीचाही प्रश्न नाही. २००८च्या नोव्हेंबरमध्ये पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारी नौका बळकावून दहा दहशतवादी मुंबईच्या किनाऱ्याला लागले. आपली नौका कोठे आहे आणि तिच्यावर कोण आहे याचा पत्ता नसला की काय होते, याचा तो रक्तरंजित धडा होता. नौकेची नोंद, तिचा माग आणि तिच्या पकडीचा हिशेब ही एकाच साखळीची कडी आहेत.

दस्तक आले, खतावणी केव्हा?

आता परिस्थिती पालटू लागली आहे, हेही नमूद केले पाहिजे. एक लाख नौकांवर स्वदेशी उपग्रह-संपर्क यंत्र मोफत बसवण्याची ३६४ कोटींची योजना हाती घेण्यात आली. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने अनन्य आर्थिक क्षेत्रातील मासेमारीचे नियम अधिसूचित केले. यांत्रिक नौकांना विनाशुल्क प्रवेशपत्र, पारंपरिक लहान मच्छीमारांना त्यातून सूट, सहकारी संस्थांना प्राधान्य, परदेशी नौकांना मज्जाव, एलईडी व जोड-ट्रॉलिंगला बंदी, अशी त्यांची दिशा आहे. ती योग्यच आहे. हे आधुनिक दस्तकच म्हणायचे.

पण दस्तक हा अर्धाच कारभार झाला. प्रवेशपत्र घेऊन गेलेली नौका परतल्यावर तिने काय आणले, हे त्याच दिवशी, जातवार, लिहिले गेले पाहिजे. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेचा अंदाज एक आणि राज्यांच्या खात्यांचा आकडा दुसरा, ही स्थिती संपून राष्ट्राचा आकडा एक झाला पाहिजे. बाजारात एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या टुनाच्या वेगवेगळ्या जाती धक्क्यावरच वेगळ्या मोजल्या गेल्या पाहिजेत. नोंदवही तांडेलाच्या भाषेत, मराठीत, हवी आणि ती भरणे हे दंडाचे नव्हे, तर हक्काचे साधन आहे हे त्याला पटवले पाहिजे. लहान मच्छीमाराला शुल्कातून सूट द्यावी. गणतीतून देऊ नये. गणतीतून सुटलेला माणूस वाटणीतूनही सुटतो. आणि आयोगाला दरवर्षी जाणारा राष्ट्रीय अहवाल संसदेच्या पटलावरही यावा, म्हणजे आपल्या नावाने काय लिहिले जाते हे आपल्यालाही कळेल.

हे अशक्य आहे म्हणणाऱ्यांनी शेजारी पाहावे. श्रीलंकेच्या मासळीवर जानेवारी २०१५ मध्ये युरोपने बंदी लादली. त्या छोट्या देशाने कायदे सुधारले, नौकांवर माग काढणारी यंत्रे बसवली, नोंदवह्या लागू केल्या आणि २०१६ मध्ये बंदी उठवून घेतली. मालदीवने एकेका गळाने धरलेल्या आपल्या टुनाला २०१२ मध्ये जागतिक प्रमाणपत्र मिळवले. आपल्या मिनिकॉयचा मच्छीमार त्याच परंपरेने, तेवढ्याच निर्मळ पद्धतीने मासा धरतो. त्याच्या हातात कमतरता नाही. कमतरता आहे ती त्याच्या पाठीशी असायला हव्या असलेल्या दप्तरात.

१९४५ मध्ये स्थापन झालेली 'आयएनएस शिवाजी' ही संस्था लोणावळ्यात आजही नौदलाचे अभियंते घडवीत आहे. समुद्राचे रक्षण कसे करावे हे भारताला शिकवावे लागत नाही. पण तोफेने राखलेला समुद्र लेखणीने गमावता येतो, आणि तो गमावताना एक गोळीही झाडली जात नाही. पोर्तुगीजांचे कार्ताझ नाकारणाऱ्या, स्वतःचे दस्तक चालवणाऱ्या सरखेलाचा वारसा सांगायचा असेल, तर त्याची दौतही उचलावी लागेल. खतावणी आपण लिहिली नाही, तर परके ती लिहिणारच आहेत. आणि परक्यांच्या खतावणीत आपल्या नावावर जमेची बाजू आजवर कधी निघालेली नाही.