सील बाटलीचे, साख कोणाची?

बाटलीच्या गळ्यावर पातळ प्लॅस्टिकची टोपी चढवावी, ती उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवावी किंवा तिच्यावर गरम हवेचा झोत सोडावा, की ती आकसून गळ्याला घट्ट बसते. तयार करतानाच ताणून ठेवलेले प्लॅस्टिक उष्णता मिळताच मूळ आकाराकडे परतते, एवढेच यामागील शास्त्र. घरी वाइन करणारे पाश्चात्त्य हौशी लोक ही ‘श्रिंक कॅप्सूल’ सर्रास वापरतात. आपल्याकडे बचत गटांच्या मधाच्या व सरबताच्या बाटल्यांवरही असे सील दिसू लागले आहे. बाटली देखणी होते, गिऱ्हाईक थबकते. परंतु त्यामुळे मालाची साख वाढते काय?

पूर्वी वाइनच्या बुचाला उंदीर व किडे लागू नयेत म्हणून शिसेमिश्रित पत्र्याची टोपी असे. ते शिसे वाइनमध्ये उतरते असे आढळल्यावर अमेरिकेने 1996 साली तिच्यावर बंदी घातली. 1982 साली शिकागो परिसरात टायलेनॉल या औषधाच्या बाटल्यांत कोणीतरी सायनाइड मिसळले व सात माणसे दगावली. त्यानंतर तेथे अशा औषधांना छेडछाड उघड करणारे सील सक्तीचे झाले. सीलचे खरे काम हेच. बाटली मध्यंतरी कोणी उघडली नाही, एवढीच ते ग्वाही देते. मुळात आत काय भरले, याविषयी ते मौन पाळते.

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी 1970 साली दाखवून दिले की, ग्राहकाला चांगला व वाईट माल ओळखता येत नसेल, तर तो चांगल्या मालालाही वाईटाचाच भाव देऊ करतो आणि अखेरीस चांगला विक्रेता बाजारातून उठतो. म्हणून मालाला हमीदार लागतो. जुन्या लाखेच्या मोहोरेवर निदान कोणाचे तरी नाव उमटलेले असे. ही प्लॅस्टिकची टोपी निनावी आहे. प्रामाणिक गटाइतकीच ती भेसळखोरालाही सहज मिळते.

हा प्रश्न आमच्या यावल-रावेरच्या उत्तरेस उभ्या असलेल्या सातपुड्यात अधिक तीव्र होतो. मोहफुले वेचणारा आदिवासी घरी दारू गाळतो, तेव्हा 1949 च्या दारूबंदी कायद्यान्वये तो गुन्हेगार ठरतो. शासनाने 2021 मध्ये फुले वेचण्यावरील व वाहतुकीवरील निर्बंध सैल केले. 2022 मध्ये मोहापासून बनलेल्या मद्याला ‘विदेशी मद्या’चा दर्जा देण्याचे ठरविले. सातपुड्याचे फूल विदेशी ठरावे, हा विनोदच म्हणावयाचा. पण त्याचा लाभ परवानाधारक कारखानदारास, वेचणाऱ्यास नव्हे. याउलट मध्य प्रदेशाने त्याच वर्षी मोहाची दारू ‘वारसा मद्य’ मानली आणि नंदुरबारला लागून असलेल्या अलिराजपूर जिल्ह्यातील आदिवासी बचत गटास ती बाटलीत भरून विकण्याची वाट मोकळी केली. फूल तेच, हातही त्याच समाजाचे. एका बाजूस सीलबंद बाटली, दुसऱ्या बाजूस पंचनामा.

यावर कोणी म्हणेल, ज्या महाराष्ट्रात स्त्रियांनी मतदान करून गावोगाव बाटली आडवी केली, तेथे दारूला प्रतिष्ठा कशासाठी? हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. दारूने उद्ध्वस्त केलेले संसार या तालुक्यातही आहेत. परंतु 2015 साली मुंबईत मालवणी येथे मिथेनॉलयुक्त दारूने शंभरहून अधिक बळी घेतले, ते बंदीने टळले नाहीत. मिथेनॉल चवीने कळत नाही. ते प्रयोगशाळेतच कळते. प्रश्न अधिक दारू विकण्याचा नसून, जी बनतेच आहे तिची जबाबदारी कोणी घ्यावी हा आहे.

म्हणून बचत गटांना सील करण्याचे यंत्र वाटून शासनाने स्वस्थ बसू नये. माल मधाचा असो, सरबताचा असो वा उद्या मोहाचा, प्रत्येक खेपेची तपासणी तालुक्याच्या ठिकाणी अल्प दरात व्हावी. बाटलीवर करणाऱ्या गटाचे नाव, खेपेचा क्रमांक व तपासणीचा दिनांक असावा. मोहाच्या बाबतीत गावाने ग्रामसभेत संमती दिली असेल तेथेच, आणि कारखानदाराआधी वेचणाऱ्यांच्या गटाला परवाना द्यावा. एवढे झाले तर त्या टोपीला अर्थ आहे. अन्यथा गिऱ्हाईक सीलचे पैसे मोजील आणि विश्वास मात्र पूर्वीइतकाच अधांतरी राहील.